संगणकाच्या यूएसबी पोर्टवर चालणारी दिव्यांची माळ घरी कशी बनवावी

गणपतीच्या मखरासाठी, दिवाळीत खिडकीसाठी किंवा एरवीही कामाच्या टेबलाभोवती लावण्यासाठी विजेच्या माळा बाजारात स्वस्तात मिळतात. मात्र त्यांतील बहुतेक माळा २३० व्होल्टच्या घरगुती विजेवर चालतात, त्यांच्या तारांवरचे आवरण बेताचेच असते आणि त्या उघडून पाहण्यात खरा धोका असतो. संगणकाच्या यूएसबी पोर्टमधून मिळणारी वीज केवळ ५ व्होल्टची असते. तिच्या उघड्या तारेला हात लागला तरी झटका बसत नाही, त्यामुळे इलेक्ट्रॉनिक्सचा पहिला प्रयोग म्हणून, घरातल्या मोठ्या मुलांना सोबत घेऊनही, ही माळ करता येते. येथे धोका माणसापेक्षा संगणकाला अधिक असतो, आणि तो टाळण्याचा उपाय सोल्डरिंगच्या (वितळवलेल्या धातूने तारा सांधण्याच्या) कौशल्यात नसून आधी कागदावर केलेल्या छोट्याशा हिशेबात आहे. म्हणून या लेखात साहित्याच्या यादीआधी हिशेब दिला आहे.

आपण येथे वीस एलईडी दिव्यांची, सुमारे तीन मीटर लांबीची आणि साधारण ९० मिलीअँपिअर विद्युतप्रवाह घेणारी माळ बनवणार आहोत.

१. पोर्ट किती वीज देतो, हे आधी समजून घ्या

यूएसबीची पहिली आवृत्ती १९९६ मध्ये आली. ती घडवणाऱ्या इंटेलमधील अभियंत्यांपैकी अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. या जोडणीचा मूळ हेतू कीबोर्ड, माउस, प्रिंटर अशी उपकरणे एकाच प्रकारच्या पोर्टला लावता यावीत हा होता, आणि त्या उपकरणांना लागणारी थोडी वीजही त्याच केबलमधून देण्याची सोय केली गेली. त्यामुळे या विजेच्या वाटपाला नियम आहेत. यूएसबी २.० च्या नियमानुसार नव्याने जोडलेल्या उपकरणाने १०० मिलीअँपिअरपर्यंतच प्रवाह घ्यावा. त्याहून अधिक हवा असेल तर संगणकाशी संवाद साधून परवानगी मागावी, आणि मग ५०० मिलीअँपिअरपर्यंत घ्यावा. निळ्या रंगाच्या यूएसबी ३.० पोर्टसाठी हेच आकडे १५० आणि ९०० आहेत.

आपल्या माळेत कोणतीही चिप नाही, त्यामुळे ती संगणकाशी बोलू शकत नाही आणि परवानगीही मागू शकत नाही. नियमाने तिच्या वाट्याला १०० मिलीअँपिअरच येतात. पुष्कळ संगणक या मर्यादेची काटेकोर तपासणी करत नाहीत आणि न मागताही ५०० मिलीअँपिअर देतात, हे खरे आहे. त्याच भरवशावर लोक पन्नास-साठ दिवे जोडतात आणि ते पेटतातही. तरीही माझे मत असे की महागड्या लॅपटॉपच्या बाबतीत नियमाच्या आत राहणेच शहाणपणाचे आहे. शिवाय स्वतःचा अडॅप्टर नसलेला, संगणकाच्याच विजेवर चालणारा चार तोंडांचा हब (एका पोर्टचे चार पोर्ट करणारे उपकरण) आपण वापरत असाल, तर त्याच्या प्रत्येक तोंडाला फक्त १०० मिलीअँपिअर देण्याचेच बंधन असते. १०० च्या आतली माळ तिथेही बिनघोर चालते.

मर्यादा ओलांडली तर सहसा पोर्ट जळत नाही, कारण बहुतेक पोर्टांमागे आपोआप पूर्ववत होणारा फ्यूज किंवा संरक्षक स्विच असतो. पण पोर्ट बंद पडतो आणि पडद्यावर जादा वीज ओढली गेल्याची सूचना येते. काही डेस्कटॉप संगणक तर सुरू होतानाच अशी सूचना देऊन स्वतःला बंद करतात. काही मदरबोर्डांवर दोन पोर्टांना मिळून एकच फ्यूज असतो, त्यामुळे माळेच्या दोषापायी शेजारचा माउसही निकामी झाल्यासारखा वाटतो.

२. प्रत्येक दिव्याला स्वतःचा रेझिस्टर

नवशिक्यांचा सर्वांत मोठा गोंधळ येथेच होतो, म्हणून हा भाग सावकाश वाचावा.

एलईडी हा बल्ब नव्हे. त्याला ठरावीक व्होल्टेज मिळेपर्यंत त्यातून जवळजवळ काहीच प्रवाह जात नाही, आणि ते व्होल्टेज ओलांडल्यावर प्रवाह झपाट्याने वाढतो. लाल आणि पिवळ्या एलईडीसाठी हे व्होल्टेज सुमारे २ असते, तर निळ्या, पांढऱ्या आणि लख्ख हिरव्या एलईडीसाठी ते सुमारे ३ असते. पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळाच एलईडी, ज्याच्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या द्रव्याचा थर दिलेला असतो. म्हणून दोघांचे व्होल्टेज सारखे. (लाल एलईडी १९६२ मध्ये निक होलोन्याक यांनी बनवला. प्रखर निळा एलईडी साधायला त्यानंतर तीन दशके लागली आणि त्यासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.) पोर्टचे ५ व्होल्ट थेट एलईडीला दिले तर तो क्षणभर झगझगीत पेटतो आणि जळतो. उरलेले २ किंवा ३ व्होल्ट पेलण्यासाठी आणि प्रवाहाला आवर घालण्यासाठी रेझिस्टर लागतो.

त्याचे मूल्य काढण्याची रीत सोपी आहे. पाचातून एलईडीचे व्होल्टेज वजा करावे आणि उरलेल्या आकड्याला हव्या असलेल्या प्रवाहाने, म्हणजे अँपिअरमधील आकड्याने, भागावे. ५ मिलीमीटर व्यासाच्या साध्या एलईडीची कमाल मर्यादा सहसा २० मिलीअँपिअर असते आणि अनेक ठिकाणी तोच आकडा धरून हिशेब दिलेला आढळतो. आजचे एलईडी इतके प्रखर आहेत की सजावटीसाठी त्याचा चौथा हिस्साही पुरतो. संध्याकाळी खोलीत २० मिलीअँपिअरचा पांढरा एलईडी डोळ्यांना खुपतो. म्हणून आपण ५ मिलीअँपिअर धरू.

लाल किंवा पिवळ्यासाठी : (५ − २) ÷ ०.००५ = ६०० ओहम (रेझिस्टरच्या अडथळ्याचे एकक). बाजारात सहज मिळणारे, त्याहून थोडे मोठे मूल्य ६८० ओहम.

पांढरा, निळा किंवा लख्ख हिरवा : (५ − ३) ÷ ०.००५ = ४०० ओहम. थोडे मोठे मूल्य ४७० ओहम.

दोन्ही ठिकाणी थोडे मोठे मूल्य घेतल्यामुळे प्रत्यक्ष प्रवाह साडेचार मिलीअँपिअरच्या आसपास येतो, म्हणजे वीस दिव्यांचा मिळून ९०. ६८० ओहमच्या रेझिस्टरवर निळा, करडा, तपकिरी आणि ४७० ओहमच्या रेझिस्टरवर पिवळा, जांभळा, तपकिरी असे पट्टे असतात. शेवटचा सोनेरी पट्टा पाच टक्के फरकाची मुभा दाखवतो. पाव वॉटचे रेझिस्टर पुरेसे आहेत, ते कोमटही होत नाहीत.

आता पुढचा प्रश्न हमखास येतो : सगळ्या दिव्यांना मिळून एकच मोठा रेझिस्टर का लावू नये? लाल आणि पांढरे दिवे एकत्र जोडून तसे करून पाहिल्यास उत्तर लगेच दिसते. समांतर जोडणीत, म्हणजे सगळे दिवे त्याच दोन तारांमध्ये शेजारी-शेजारी जोडल्यावर, सर्व दिव्यांना एकच व्होल्टेज मिळते. लाल दिवे २ व्होल्टला वाहू लागतात आणि व्होल्टेज तिथेच अडकवून ठेवतात. पांढऱ्यांना लागणारे ३ व्होल्ट कधी येतच नाहीत, आणि ते अंधारात राहतात. एकाच रंगाचे दिवे असले तरी प्रत्येकाच्या व्होल्टेजमध्ये किंचित फरक असतो, त्यामुळे ज्याचे व्होल्टेज सर्वांत कमी तो जास्त प्रवाह ओढून घेतो. वीस रेझिस्टर लावण्याचे कष्ट वाचवू नयेत.

३. साहित्य आणि हत्यारे

मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतील पासोड्या विठोबा मंदिराचा परिसर ही या खरेदीची जुनी ठिकाणे. इतरत्र रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात किंवा ऑनलाइन हे सर्व मिळते.

– ५ मिलीमीटरचे एलईडी : १० पांढरे आणि १० पिवळे, शिवाय प्रत्येकी दोन-तीन जास्तीचे
– रेझिस्टर : ४७० ओहमचे १० आणि ६८० ओहमचे १०, पाव वॉट (शक्यतो थोडे जास्त घ्यावेत, ते अत्यंत स्वस्त असतात)
– बारीक, अनेक पदरी लवचीक तार : लाल आणि काळी, प्रत्येकी साडेतीन मीटर. दुकानात ‘७/३६’ म्हणून मागावी, म्हणजे ३६ गेजचे सात पदर
– मोठ्या चपट्या तोंडाची, म्हणजे टाइप ए प्लगची जुनी यूएसबी केबल
– हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आकसून सांध्यावर घट्ट बसणारी नळी), २ आणि ३ मिलीमीटर व्यासाची
– २५ वॉटचे सोल्डरिंग आयर्न, सोल्डर वायर, थोडे फ्लक्स (सोल्डर नीट धरावे म्हणून लावायचे द्रव्य)
– मल्टीमीटर (व्होल्टेज आणि प्रवाह मोजणारे यंत्र), वायर स्ट्रिपर, छोटी कटर पक्कड
– तीन पेन्सिल सेल आणि ते बसवण्याचा होल्डर, एक २०३२ क्रमांकाचा बटण सेल

मल्टीमीटर टाळण्याचा मोह होतो; टाळू नये. साधा डिजिटल मल्टीमीटर या कामाला पुरेसा आहे. हीट श्रिंकऐवजी काळी चिकटपट्टी मात्र घेऊ नये, कारण उन्हाळ्यात तिचा गोंद पाघळतो आणि सांधे उघडे पडतात.

४. केबल कापा आणि तारा ओळखा

टाइप ए प्लग आपल्या बाजूला राहील अशा रीतीने केबलचे दुसरे टोक कापावे. पाच सेंटीमीटर बाह्य आवरण सोलल्यावर आत सहसा चार तारा दिसतात : लाल (५ व्होल्ट), काळी (ऋण), पांढरी आणि हिरवी (माहितीच्या देवाणघेवाणीच्या). काही केबल केवळ चार्जिंगसाठी असतात आणि त्यांत दोनच तारा असतात; आपल्या कामाला त्याही चालतात. स्वस्त केबलमध्ये रंगांचा भरवसा धरू नये. प्लग एखाद्या जुन्या मोबाइल चार्जरला लावून मल्टीमीटरने ५ व्होल्ट कोणत्या दोन तारांवर मिळतात आणि त्यातली धन कोणती, हे पाहून घ्यावे. हे मोजमाप करताना तारांची टोके एकमेकांना लागू देऊ नयेत.

पांढरी व हिरवी तार वापरायची नाही, पण तशीच लोंबकळतही ठेवायची नाही. दोन्ही वेगवेगळ्या लांबीवर कापून प्रत्येकीवर स्वतंत्र स्लीव्ह चढवावी. बाहेरची जाळी आणि चकाकती पन्नी असल्यास मुळाशी कापून टाकावी, कारण तिचे सुटे तंतू शॉर्टसर्किट घडवतात. काही मोबाइल केबलच्या तारांमध्ये तांब्यासोबत नायलॉनचे धागे गुंफलेले असतात. अशा तारेला सोल्डर धरत नाही, तेव्हा दुसरी केबल घ्यावी.

लॅपटॉपला केवळ टाइप सी पोर्ट असेल तर टाइप सी केबल कापून काम होत नाही. तो पोर्ट समोर उपकरण आहे याची खूण, म्हणजे ५.१ किलोओहमचा एक रेझिस्टर, ठरावीक पिनवर दिसल्याशिवाय ५ व्होल्ट सोडतच नाही. पेन ड्राइव्ह लावण्यासाठी मिळणारा टाइप सी ते टाइप ए ओटीजी अडॅप्टर घ्यावा. त्यात हा रेझिस्टर असतो.

५. दिवे तपासा आणि रेझिस्टर जोडा

एलईडीचा लांब पाय धन आणि आखूड पाय ऋण. पाय कापल्यावर ही खूण नाहीशी होते, तेव्हा भिंगाच्या कडेची चपटी बाजू ऋण समजावी. प्रत्येक एलईडी बटण सेलच्या दोन बाजूंना टेकवून पेटतो का ते पाहावे. या सेलची स्वतःची प्रवाह देण्याची क्षमता इतकी कमी असते की तपासणीपुरते रेझिस्टर नसले तरी चालते.

नंतर धन पाय साधारण एक सेंटीमीटर ठेवून कापावा आणि त्याला रेझिस्टरचा एक पाय सोल्डर करावा. पांढऱ्याला ४७० आणि पिवळ्याला ६८०. गल्लत होऊ नये म्हणून एका रंगाचे सगळे दिवे पूर्ण करून मगच दुसऱ्या रंगाची पुडी उघडावी. आयर्न सांध्यावर तीन सेकंदांहून अधिक काळ धरू नये, नाहीतर उष्णता पायातून आत जाऊन एलईडी बिघडतो. चांगला सांधा चकचकीत आणि तारेला चिकटून पसरलेला दिसतो. मण्यासारखा गोळा झालेला सांधा कच्चा असतो. सोल्डर वायरमध्ये बहुधा शिसे असते, म्हणून काम करताना खाऊ-पिऊ नये, खिडकी उघडी ठेवावी आणि उठल्यावर हात साबणाने धुवावेत.

६. माळ गुंफा

लाल आणि काळ्या तारेचे पंधरा-पंधरा सेंटीमीटरचे प्रत्येकी वीस तुकडे करावेत आणि प्रत्येक तुकड्याची दोन्ही टोके एक सेंटीमीटर सोलावीत. अखंड तारेचे आवरण मधेमधे सोलूनही माळ होते, पण मग स्लीव्ह सांध्यावर आणता येत नाही, म्हणून तुकड्यांची पद्धत मला अधिक पसंत आहे.

केबलच्या लाल तारेला पहिला लाल तुकडा जोडावा आणि काळ्याला काळा. पहिल्या लाल तुकड्याचे दुसरे टोक, पुढच्या लाल तुकड्याचे सुरुवातीचे टोक आणि एलईडीच्या रेझिस्टरचा मोकळा पाय ही तिन्ही एकत्र पिळून सोल्डर करावीत. काळ्या बाजूला त्याचप्रमाणे दोन तुकडे आणि एलईडीचा ऋण पाय. लाल आणि काळा सांधा समोरासमोर येऊ नये म्हणून एक पाय दुसऱ्यापेक्षा दीड-दोन सेंटीमीटर लांब ठेवावा. स्लीव्हचा तुकडा सोल्डर करण्यापूर्वीच तारेवर ओवून, सांध्यापासून दूर सरकवून ठेवावा. नंतर आठवण झाली तर सांधा उघडण्यावाचून उपाय राहत नाही. सोल्डर थंड झाल्यावर स्लीव्ह सांध्यावर आणून केस वाळवण्याच्या यंत्राने किंवा लायटरची ज्योत लांबून फिरवून आवळावी.

दर चार-पाच दिव्यांनंतर तीन पेन्सिल सेलवर (एकूण ४.५ व्होल्ट) माळ लावून पाहावी. सगळी माळ पूर्ण करून मग दोष शोधणे फार वेळखाऊ असते. ज्या ठिकाणी केबल संपून माळ सुरू होते तिथे केबलला एक सैल गाठ मारावी, म्हणजे ओढ बसली तरी ती सांध्यावर येत नाही.

७. संगणकाला लावण्यापूर्वीच्या तीन तपासण्या

पहिली तपासणी शॉर्टसर्किटची. मल्टीमीटर कंटिन्युइटीवर (दोन टोके आतून जुळलेली असल्यास आवाज करणाऱ्या सोयीवर) ठेवून यूएसबी प्लगच्या आतल्या दोन कडेच्या पट्ट्यांना टोके लावावीत. आवाज येता कामा नये. आवाज आला तर ती माळ कोणत्याही पोर्टला लावू नये.

दुसरी प्रवाहाची. मीटर २०० मिलीअँपिअरच्या पट्ट्यावर ठेवून सेलची धन तार आणि माळेची लाल तार यांच्या मधे जोडावा. ४.५ व्होल्टवर आकडा ९० पेक्षा कमी, साधारण ७० च्या आसपास यायला हवा. तो याहून बराच जास्त असेल तर कुठेतरी रेझिस्टर चुकीचा लागला आहे. मोजून झाल्यावर मीटरची लाल पिन परत व्होल्टच्या भोकात घालावी, अन्यथा पुढचे व्होल्टेज मोजताना मीटरच शॉर्टसर्किट करतो.

तिसरी तपासणी जुन्या मोबाइल चार्जरवर अर्धा तास. एखादा सांधा किंवा रेझिस्टर हाताला गरम लागतो का, एवढेच पाहावे. पॉवर बँकेवर ही तपासणी करू नये. इतका कमी प्रवाह पाहून अनेक पॉवर बँका चार्जिंग संपले असे समजतात आणि काही वेळाने बंद होतात, मग माळेत दोष आहे असा गैरसमज होतो.

यानंतर माळ संगणकाला लावावी. संगणक झोपी गेला की काही पोर्ट बंद होतात, तर विजेचे किंवा बॅटरीचे चिन्ह असलेले पोर्ट सहसा चालू राहतात. एवढ्याशा माळेचा, म्हणजे अर्ध्या वॉटहूनही कमी विजेचा, लॅपटॉपच्या बॅटरीवर भार नगण्य असतो.

८. सजावट

महाराष्ट्रात २०१८ पासून थर्मोकोलच्या सजावटीवर बंदी आहे, आणि कागदी मखराला अशी माळ फार शोभते. ५ मिलीअँपिअरवर चालणारा एलईडी तापत नाही, त्यामुळे बटर पेपरची फुले, छोटे आकाशकंदील किंवा भोक पाडलेले टेबल टेनिसचे चेंडू त्यावर थेट बसवता येतात. उघड्या एलईडीचा प्रकाश समोरच्या दिशेने एकवटलेला असतो. भिंगावर पॉलिश पेपर हलकेच घासल्यास तो चहूकडे पसरतो. जिलेटीन कागद रंगीत एलईडीवर लावू नये, कारण पिवळ्या दिव्यावर निळा कागद लावला तर जवळजवळ अंधारच उरतो. समई-निरांजनाच्या जवळ माळ नेऊ नये. येथे भीती विजेची नसून ज्योतीची आहे.

९. दोष कसा शोधावा

एकच दिवा पेटत नसेल तर तो उलटा लागला आहे किंवा त्याचा सांधा कच्चा आहे. ५ व्होल्टवर उलट्या जोडणीने एलईडी सहसा खराब होत नाही, फिरवून लावला की पेटतो. एका ठिकाणापासून पुढचे सर्व दिवे बंद असतील तर शेवटच्या पेटलेल्या दिव्याच्या सांध्यातच तार सुटलेली असते. सगळीच माळ बंद असेल तर आधी प्लगपाशी धन-ऋण अदलाबदल झाली आहे का ते पाहावे. एखादा पांढरा दिवा बाकीच्यांहून मंद असेल तर बहुधा त्याला ६८० ओहमचा रेझिस्टर लागलेला असतो.

१०. दिवे वाढवायचे असतील तर

फक्त लाल-पिवळ्या दिव्यांची माळ हवी असेल तर दोन दिवे एकापाठोपाठ एक जोडून त्यांना मिळून २७० ओहमचा एक रेझिस्टर लावता येतो, आणि तेवढ्याच प्रवाहात चाळीस दिवे पेटतात. पांढऱ्या-निळ्यांना ही युक्ती लागू पडत नाही, कारण दोघांचे मिळून ६ व्होल्ट होतात आणि पोर्ट ५ च देतो. याच कारणाने जुन्या २३० व्होल्टच्या एलईडी माळेचा तुकडा कापून यूएसबीला जोडून काही साधत नाही. त्यात अनेक दिवे एकापाठोपाठ असतात. अशी अर्धवट कापलेली माळ चुकूनही पुन्हा भिंतीवरच्या सॉकेटला लावू नये.

रंग बदलणाऱ्या, डब्ल्यूएस२८१२ नावाने मिळणाऱ्या पट्ट्या ५ व्होल्टच्याच असल्या तरी त्यातील एकेक दिवा पूर्ण पांढऱ्या प्रकाशात सुमारे ६० मिलीअँपिअर घेतो. पन्नास दिव्यांना ३ अँपिअर लागतात. अशा पट्टीला संगणकाकडून फक्त नियंत्रणाचा संदेश द्यावा आणि वीज ५ व्होल्टच्या स्वतंत्र अडॅप्टरवरून घ्यावी. दोन्हींची ऋण तार एकमेकांना जोडलेली हवी, पण अडॅप्टरची धन तार यूएसबीच्या धन तारेला जोडायची नाही.